वृद्धाश्रमातील नोकरी आणि पोलिसांचा दाखला

पनवेल आणि आसपासच्या गावांत वयस्कर माणसांच्या सांभाळाचा व्यवसाय आता चांगलाच रुजला आहे. मुंबईत जागा महाग, मुले परगावी किंवा परदेशी, घरात दिवसभर कोणी नाही. त्यामुळे नेरे, तळोजे, खारघर, नवीन पनवेल या भागांत वृद्धाश्रम, आजारी माणसांची देखभाल करणारी केंद्रे आणि घरी माणूस पुरवणारे ब्युरो चालू झाले. नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन १९५१ पासून सेवेचे काम करीत आहे. वांगणी येथे रस्त्यावरील निराधारांना आसरा देणारा सील आश्रम १९९९ पासून आहे. सेवाभावाने चाललेल्या अशा संस्थांच्या जोडीला आता महिन्याची फी घेऊन चालणारी केंद्रेही आली आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १ कोटी ११ लाख होती. ही संख्या वाढतच जाणार, हे उघड आहे. म्हणजे हा धंदाही वाढणार.

या धंद्याशी आपल्या समाजातील कारागीर व व्यापारी बंधूंचा संबंध वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. आया, वॉर्डबॉय, स्वयंपाकी, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर म्हणून अनेक मुले-मुली काम करतात. गाद्या भरून देणारे पिंजारी, पलंग-खुर्च्या दुरुस्त करणारे सुतार, वायरमन, प्लंबर, कपडे धुणारे, जेवणाचा ठेका घेणारे हे सर्व त्या दारातून आत जातात. काही बंधू स्वतः माणसे पुरविण्याचा ब्युरो चालवितात. या सर्वांना आज ना उद्या एक प्रश्न विचारला जाणार आहे: तुमच्या माणसाची पोलीस पडताळणी झाली आहे काय?

हा प्रश्न आला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे दिसतात. एक म्हणतो, "आमची माणसे ओळखीची आहेत, कागद कशाला?" दुसरा पोलीस ठाण्याचे नाव काढताच नोकरीच सोडून देतो. दोघांचेही नुकसान होते. म्हणून हा दाखला काय आहे, काय नाही आणि तो कसा वापरावा, हे नीट समजून घेणे जरूर आहे.

कळंबोलीचा धडा

हा विषय पनवेलकरांना नवा नाही. कळंबोली येथे कल्याणी महिला व बालसेवा संस्था या नावाने मतिमंद मुलींसाठी एक निवासी संस्था चालत असे. राज्यातील अशा संस्थांच्या दुरवस्थेच्या बातम्यांवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखालील समितीला संस्थांच्या तपासणीचे काम दिले. २०११ मध्ये कळंबोलीच्या संस्थेत मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थेच्या संस्थापकास फाशीची शिक्षा सुनावली. संस्थेशी संबंधित इतरांनाही, त्यात तेथे नोकरी करणाऱ्या बायकाही होत्या, शिक्षा झाल्या. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द केली, खुनाच्या आरोपातून त्यास मुक्त केले, परंतु बलात्काराच्या गुन्ह्यासाठी सक्तमजुरीची शिक्षा दिली.

या प्रकरणातून व्यवहाराच्या दृष्टीने दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, ज्याला बोलून सांगता येत नाही, ज्याची तक्रार ऐकायला घरचे माणूस येत नाही, त्याच्यावरील अन्याय बरीच वर्षे झाकून राहू शकतो. अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस किंवा स्मृतिभ्रंश झालेली आजी यांची अवस्था याहून फार वेगळी नसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नोकरांची चौकशी संस्थाचालक करतो. चालकाची चौकशी कोण करणार? पडताळणी फक्त झाडूवाल्याची आणि आयाची करायची, मालक व व्यवस्थापक मात्र मोकळे, असा नियम असेल तर तो अर्धाच नियम झाला.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात वृद्धाश्रमातील प्रत्येक नोकराचा गुन्हेगारी इतिहास तपासलाच पाहिजे, असा एक सरळ केंद्रीय कायदा नाही. तुकड्या-तुकड्यांनी काही तरतुदी आहेत.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ मध्ये झाला. प्रत्येक जिल्ह्यात गरीब वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय होईल असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावा, असे त्यात म्हटले आहे. वृद्धांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी शासनाने कृती आराखडा करावा, असेही आहे. केंद्राने या कायद्याखाली जे नमुना नियम तयार केले त्यांत ज्येष्ठ नागरिकांच्या घरी काम करणाऱ्या नोकरांची पूर्वपीठिका, त्या नागरिकाने विनंती केल्यास, पोलिसांनी तत्परतेने तपासावी, अशी तरतूद आहे. "विनंती केल्यास" हे शब्द ध्यानात ठेवावेत. मागितले तर मिळते, न मागितले तर कोणी विचारायला येत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत मांडले गेले. वृद्धांची देखभाल करणारी केंद्रे आणि घरी सेवा पुरविणाऱ्या संस्था यांची नोंदणी करावी व त्यांना किमान दर्जा लावावा, असे त्यात होते. परंतु २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तोवर ते मंजूर झाले नाही. अपंग व्यक्तींसाठी चालणाऱ्या संस्थांना मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने नोंदणी सक्तीची केली आहे.

गंमत पाहा. वृद्धाश्रमाच्या फाटकावर उभा राहणारा पहारेकरी एजन्सीचा असेल तर त्याला २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सी कायदा लागू होतो. त्याचे चारित्र्य व पूर्वपीठिका तपासल्याशिवाय एजन्सीला त्याला कामावर ठेवता येत नाही. २००६ च्या नमुना नियमांत मागील पाच वर्षांची चौकशी आणि तीन वर्षे ग्राह्य राहणारा अहवाल, अशी पद्धत घालून दिली होती. म्हणजे दाराबाहेरच्या माणसाला कायदेशीर चाळणी आहे. आतमध्ये रात्री दोन वाजता म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळविणाऱ्या, त्याच्या उशाखालचे पाकीट ज्याच्या हाताला लागते त्या माणसाला तशी चाळणी नाही. कायदा येईल तेव्हा येईल. तोपर्यंत ही उणीव मालकाने आणि ठेकेदाराने स्वतःच भरून काढली पाहिजे.

दाखला कसा मिळतो

दोन दाखल्यांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. आखाती देशांत जाणाऱ्यांना ठाऊक असलेला पी.सी.सी. पारपत्र कार्यालय देते. त्याची फी ५०० रुपये असून तो परदेशासाठी असतो. येथल्या नोकरीसाठी हवा असतो तो पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला. पनवेल परिसर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो. पनवेल शहर, पनवेल तालुका, खांदेश्वर, कामोठे, कळंबोली, खारघर, तळोजा अशी येथील ठाणी आहेत. अर्ज ऑनलाइन भरता येतो. ओळखीचा व रहिवासाचा पुरावा, छायाचित्र, कामावर ठेवणाऱ्याचे पत्र हे कागद तयार ठेवावेत. अर्जदार ज्या ठाण्याच्या हद्दीत राहतो तेथे नोंदी तपासल्या जातात. सरकारी फी भरल्याची पावती जपून ठेवावी. पावतीशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत.

येथे एक अडचण नेहमी येते. काम करणारी बरीच मुले बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा येथून आलेली असतात आणि पनवेलात सहा महिनेच राहिलेली असतात. सहा महिन्यांच्या मुक्कामावरून येथल्या ठाण्याने "आमच्याकडे नोंद नाही" असे सांगितले, तर त्याचा अर्थ तेवढाच. म्हणून अर्जात गावाकडचा पत्ता आणि मागील पाच वर्षांतील सर्व पत्ते खरे लिहिले पाहिजेत. देशभरातील पोलीस ठाण्यांच्या नोंदी एकमेकांस जोडणारी सी.सी.टी.एन.एस. योजना केंद्राने २००९ मध्ये मंजूर केली. तरीही चुकीचे नाव, वेगळे स्पेलिंग किंवा अर्धवट पत्ता दिल्यास संगणकही काही करू शकत नाही. शेख, खान, अन्सारी ही आडनावे लाखोंची आहेत. बापाचे नाव आणि जन्मतारीख बरोबर नसेल तर दुसऱ्याचा गुन्हा आपल्या माथी येण्याचाही संभव असतो. आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि रेशन कार्ड यांवर नाव एकसारखे करून घेणे, हे प्रत्येक घराने आजच करण्यासारखे काम आहे.

विलायतेत काय करतात

इंग्लंडमध्ये ही पद्धत बरीच पुढे गेली आहे. तेथे २००२ मध्ये गुन्हेगारी नोंद तपासणारे सरकारी ब्युरो सुरू झाले. १ डिसेंबर २०१२ पासून त्याची जागा डी.बी.एस. या संस्थेने घेतली. वृद्धांच्या केंद्रात अंगमेहनतीची सेवा देणाऱ्या माणसाची तेथे सर्वांत कडक तपासणी होते. ज्यांना असे काम करण्यास कायमची मनाई आहे अशांची वेगळी यादीही असते. कोकणातील अनेक कुटुंबांची मुले-मुली विलायतेत या कामात आहेत. त्यांना विचारले तर ही तपासणी म्हणजे अपमान नव्हे, रोजचा व्यवहार आहे, असेच ती सांगतील.

परंतु तेथेही कागदाने सर्व काही साधले नाही. ब्रिस्टल शहराजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे मतिमंद प्रौढांचे खासगी रुग्णालय होते. २०११ मध्ये बी.बी.सी.च्या बातमीदाराने छुप्या कॅमेऱ्याने तेथील नोकर रुग्णांना मारहाण करताना टिपले. अकरा जणांना न्यायालयाने दोषी धरले व २०१२ मध्ये त्यांतील सहा जणांना तुरुंगात पाठविले. इतकी कडक पद्धत असलेल्या देशातही हे घडले. याचे कारण सोपे आहे. नोंद ही मागे झालेल्या आणि पकडल्या गेलेल्या गुन्ह्याची असते. जो प्रथमच हात उचलतो त्याची नोंद कोठून असणार? दाखला म्हणजे दाराची कडी. कडी लावावीच, पण घरात काय चालले आहे ते पाहणारे डोळे वेगळे लागतात.

नोंद असलेला प्रत्येक माणूस गुन्हेगार नाही

आता दुसरी बाजू पाहू. तीही आपल्या वाचकांच्या पोटापाण्याशी निगडित आहे. मोहल्ल्यात भांडण झाले, दोन्ही बाजूंवर पोलिसांनी चॅप्टर केस केली, असे किती तरी तरुण आहेत. पूर्वी ही कारवाई फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून ती नव्या संहितेच्या कलम १२६ खाली होते. शांतता राखण्याचा बंधपत्राचा हा प्रकार आहे. ही शिक्षा नव्हे. एन.सी. म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, तीही शिक्षा नव्हे. गुन्हा दाखल होणे वेगळे, दोषारोपपत्र वेगळे, दोषसिद्धी वेगळी आणि निर्दोष सुटका वेगळी. या चार गोष्टी एकाच तागडीत घालणारा मालक अन्याय करतो आणि कामाचा माणूसही गमावतो.

खोट्या आरोपाची किंमत किती मोठी असते हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही. मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोट प्रकरणात पकडलेल्या तरुणांना पाच वर्षांच्या तुरुंगवासानंतर २०११ मध्ये जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. अशा माणसाने कोणाकडे काम मागितले आणि समोरच्याने केवळ "नाव नोंदीत आहे" एवढे वाचून दार लावून घेतले, तर न्यायालयाने दिलेली सुटका कागदावरच राहिली, असे म्हणावे लागेल.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग खटल्याचा निकाल मार्गदर्शक आहे. तो सरकारी नोकरीसंबंधी असला तरी त्यातील विचार खासगी मालकालाही उपयोगी पडणारा आहे. त्याचा सारांश असा: अर्जात विचारलेली माहिती उमेदवाराने खरी दिली पाहिजे, लपवू नये. माहिती खरी दिली असेल आणि गुन्हा किरकोळ, तरुण वयातला असेल, तर मालक तो बाजूस ठेवू शकतो. गंभीर, नीतिभ्रष्टतेचा गुन्हा असेल तर सर्व परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा. म्हणजे चुकीपेक्षा लपवाछपवी जास्त महागात पडते. बालपणीच्या गुन्ह्याबाबत २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम २४ आहे. काही गंभीर अपवाद सोडले तर त्या वयातील दोषसिद्धीमुळे पुढे अपात्रता येत नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे कलम १२ देखील चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्यांना असेच संरक्षण देते.

मग मालकाने काय पाहावे? गुन्ह्याचा आणि कामाचा संबंध पाहावा. लैंगिक अत्याचार, दुर्बलावर हात उचलणे, नोकर असताना चोरी, फसवणूक, अमली पदार्थ, अशी दोषसिद्धी असेल त्याला म्हाताऱ्या माणसांजवळ ठेवू नये. यात दयामाया नको, कारण येथे जोखीम आपली नाही, त्या वृद्धाची आहे. वीस वर्षांपूर्वीचे रस्त्यावरचे भांडण किंवा गाडीचा दंड यांसाठी मात्र सुताराचे काम काढून घेणे शहाणपणाचे नाही. नियम करावा तो सर्वांना सारखा करावा. नाव पाहून एकाची चौकशी आणि नाव पाहून दुसऱ्याला माफी, असे चालणार नाही. उलट सर्वांनाच दाखला सक्तीचा असला की नावावरून संशय घेणाऱ्याचे तोंड आपोआप बंद होते. प्रामाणिक कारागिराला या पद्धतीचा फायदाच आहे.

व्यवहारात काय करावे

वृद्धाश्रम चालविणाऱ्यांनी आपला, आपल्या व्यवस्थापकाचा आणि विश्वस्तांचा दाखला प्रथम काढावा व तो नातेवाईकांना पाहू द्यावा. मग नोकरांकडे मागावा. दाखला येईपर्यंत नव्या माणसाला एकट्याने रात्रपाळी देऊ नये. मागील दोन मालकांना स्वतः फोन करून विचारावे. चिठ्ठीवर विसंबू नये. वृद्धांचे दागिने, बँकेचे पुस्तक, ए.टी.एम. कार्ड यांची वही ठेवून नातेवाईकांची सही घ्यावी. नातेवाईकांना कोणत्याही वेळी येण्याची मुभा असावी. जेथे अचानक येण्याला मनाई असते तेथे काही तरी लपविण्यासारखे आहे, असे समजण्यास हरकत नाही. नोकरांचे कागद कुलपात ठेवावेत, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर दुसऱ्याची माहिती गावभर करणे परवडणारे नाही.

ब्युरो व ठेकेदार यांनी प्रत्येक माणसाची फाईल करावी. अर्ज, दाखला, मागील पत्ते आणि फोटो त्यात असावेत. दाखला दर तीन वर्षांनी नवा करावा. एक माणूस आजारी पडला म्हणून त्याच्या जागी त्याच्या भावाला किंवा मित्राला परस्पर पाठविणे ताबडतोब बंद करावे. फाईल एकाची आणि कामावर दुसराच, अशी वेळ आली तर चोरी झाल्यावर पहिला सवाल ठेकेदारालाच होतो. फी कामगाराच्या पगारातून कापू नये. हा धंद्याचा खर्च आहे, तो दरात धरावा.

कारागीर बंधूंना, म्हणजे वायरमन, प्लंबर, सुतार, गादीवाले यांना प्रत्येक ठिकाणी दाखला मागितला जाईलच असे नाही. तरी तो काढून ठेवला तर मोठ्या केंद्रांचे वार्षिक काम मिळण्यास मदत होते. दर कमी करण्यापेक्षा विश्वास दाखवून काम मिळविणे केव्हाही फायद्याचे असते. आत जाताना वहीत वेळ लिहावी, खोलीत काम करताना संस्थेचे माणूस सोबत मागावे. यात कमीपणा नाही. उद्या काही हरवले तर हीच वही आपली साक्ष होते.

नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांनी जे आहे ते लिहावे. केस चालू असेल तर चालू आहे असे लिहावे. निर्दोष सुटका झाली असेल तर निकालाची प्रमाणित प्रत न्यायालयातून काढून घरात जपून ठेवावी आणि एक प्रत अर्जाला जोडावी. निकालाची प्रत नसल्याने हातची नोकरी गेली, अशी वेळ कोणावर येऊ नये. पोलिसांच्या नोंदीत जुनी केस अजून "प्रलंबित" दिसत असेल तर त्या ठाण्यात निकालाची प्रत देऊन नोंद दुरुस्त करण्याचा लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

व्यापारात उधारी देताना आपण माणसाची पत विचारतो. सोने तारण घेताना कस पाहतो. मग ज्याच्या हाती एखाद्याची आई किंवा बाप सोपवायचा त्याची चौकशी करण्यात संकोच कसला? म्हातारे माणूस ही कुटुंबाने आपल्या हवाली केलेली अमानत आहे. ती सांभाळणाऱ्या हाताची खात्री मालकाने करून घ्यावी, आणि आपला हात स्वच्छ असल्याचा कागद कारागिराने मागण्यापूर्वीच पुढे करावा. पनवेलच्या बाजारात हा धंदा अजून वाढायचा आहे. त्यात आपले नाव विश्वासाने घेतले जावे असे वाटत असेल तर दाखल्याचे काम याच आठवड्यात हाती घेणे बरे.